सायकलवरून विजापूर

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. मोटारीने दोन-अडीच तासांचे काम. आम्हाला नऊ तास लागले. आम्ही म्हणजे उर्दू शाळेतले सहा शिक्षक-शिक्षिका, नववी-दहावीची आठ मुले-मुली आणि मागून पाणी व पंक्चरचे सामान घेऊन येणारा टेम्पो. विजापूर, तिथून गुलबर्गा आणि अक्कलकोटवरून परत, असा बेत होता. "मुलींना कशाला नेता?" असे दोन घरांतून विचारले गेले. त्या दोन्ही घरांतल्या अम्मींनाच आम्ही टेम्पोत बसवले. विषय मिटला.

फजरनंतर निघालो. टाकळीच्या पुढे भीमा ओलांडली की कर्नाटक लागते. पाट्या कन्नड होतात, शेते मात्र तीच: ज्वारी, डाळिंब, द्राक्षांचे मांडव. मोटारीची काच बंद असते, त्यामुळे भाषा कुठे बदलली ते कळत नाही. सायकलवाल्याला पाण्यासाठी, हवेसाठी, सावलीसाठी थांबावे लागते आणि थांबले की कोणीतरी बोलतेच. धूळखेडला मराठी ऐकली, झळकीला कन्नड मिसळलेली मराठी. होर्तीच्या पुढे एका चहावाल्या चाचांनी विचारले, "कां से आये जी? इत्ती दूर सैकल पे कायकू?"

मुले चमकून एकमेकांकडे पाहू लागली. ही तर घरातली, दादीची बोली!

आमच्या मुलांना या बोलीची लाज वाटते. आमच्यातल्या एका हुशार मुलीला एका वक्तृत्व स्पर्धेत 'मैंच' म्हटल्याबद्दल सभागृह हसले होते. तेव्हापासून ती वर्गात हात वर करत नाही. 'साफ उर्दू' शिकवणे हे आमचे कामच आहे, ते आम्ही सोडणार नाही. पण साफ उर्दू शिकताना मुलाला आपली आई अडाणी वाटू लागली, तर शिकवण्यात काहीतरी उणे राहिले असे आम्ही मानतो.

शहर जवळ आले तशी रेसर सायकलींवरची पोरे आम्हाला मागे टाकून सुसाट गेली. विजापूर-बागलकोटकडे सायकल शर्यतींची जुनी परंपरा आहे. त्यांचा वेग पाहून आमच्या पोरांचा तोरा उतरला, हे बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत गोलघुमट गाठला. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. 1656 मध्ये त्याचे निधन झाले. घुमटाचा आतला व्यास जवळपास 38 मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेला शब्द समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो. त्या मुलीने भिंतीला तोंड लावून काहीतरी म्हटले. पलीकडून तिची मैत्रीण हसत ओरडली, "नक्को क्या? क्या नक्को?" आणि मग 'नक्को, नक्को' घुमटभर कितीतरी वेळ फिरत राहिले.

खाली हिरवळीवर बसून आम्ही मुलांना सांगितले की हा 'नक्को' मराठीतल्या 'नको'चा आहे आणि 'मैंच'मधला 'च'सुद्धा मराठीचाच. इथल्या दरबाराची फर्माने फारसीबरोबर मराठीतही निघत. मुहम्मदचा बाप दुसरा इब्राहिम आदिलशहा (1580 ते 1627) याने 'किताब-ए-नौरस' ही गीते दख्खनीत लिहिली. त्यात सरस्वतीची स्तुती आहे आणि गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाजांचीही. बादशहाला ज्या बोलीची लाज वाटली नाही, ती बोली आज सभागृहात हसण्याचा विषय झाली आहे.

बेतानुसार दुपारी गुलबर्ग्याचा रस्ता धरायचा होता. तो बेत मोडला आणि आणखी एक रात्र राहिलो. ताजबावडी पाहिली, जामा मशिदीत असर अदा केली, इब्राहिम रौजाच्या दगडी जाळ्यांतली अक्षरे मुलांनी बोट फिरवत वाचली. बारा कमान अर्धवटच उभी आहे. तिथे फार वेळ गेला नाही.

संध्याकाळी शाहपूरच्या टेकडीकडे गेलो. शाह मीराँजी आणि त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम हे सूफी इथलेच. दोघांनीही दख्खनीत लिहिले. पुढे याच परंपरेत बायांनी जात्यावर म्हणायचे 'चक्कीनामे' रचले गेले. दाण्याला, खुंट्याला, जात्याच्या फिरण्याला अल्लाहच्या नावाशी जोडलेली ती गीते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची बहीणच म्हणा. हे ऐकून टेम्पोतल्या एक अम्मी म्हणाल्या, "हमारी नानी भी पीसते वखत कुछ गाती थी. आधाच याद है."

रात्री जेवणानंतर त्यांना तेवढे आठवेल ते म्हणायला लावले. शब्द त्या मुलीने वहीत उतरवून घेतले, 'च'सकट. एका ओळीतला शब्द कोणालाच लागेना. तो तिने मोकळी जागा सोडून ठेवला, गुलबर्ग्यात कोणा म्हाताऱ्या बाईला विचारण्यासाठी. पहाटे सिंदगीच्या रस्त्याला लागलो तेव्हा वही टेम्पोत ठेवायला ती तयार नव्हती; पिशवीत घालून तिने सायकलच्या कॅरिअरला बांधली.