ध्यान, मेंदू आणि मोजपट्टी

बोरिवलीनजीक गोराईच्या पॅगोडात, २००९ साली उद्घाटन झालेल्या त्या भव्य घुमटाखाली, सुमारे ८,००० साधक एका वेळी बसू शकतात. ध्यानाच्या समर्थनार्थ अलीकडे मेंदूचा दाखला देण्याची प्रथा पडली आहे. तो तपासून घ्यावयास हवा. २०११ साली अमेरिकेत ८ आठवड्यांच्या सजगता-वर्गानंतर १६ जणांच्या मेंदूत, स्मृतीशी निगडित भागात, करड्या द्रव्याची घनता वाढलेली आढळली. वार्ता सर्वदूर गेली. २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०० हून अधिक जणांवर अधिक काटेकोर प्रयोग केला, तेव्हा मेंदूच्या रचनेत तसा फरक दिसला नाही. ही दुसरी वार्ता कितीजणांच्या कानी आली? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ८५ शाळांच्या चाचणीतही सजगतेचे पाठ नेहमीच्या शिकवणुकीहून सरस ठरले नाहीत. आपल्याकडे शाळांतून आनापानाचा ‘मित्र उपक्रम’ राबविणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

ध्यान निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. विपश्यनेत अंगावरील संवेदना प्रतिक्रियेविना निरखावयाच्या असतात; राग उसळताना जबडा आवळतो, श्वास चढतो, हे ओळखता येणे हेच आत्मभान. त्याची पारख वर्गात आणि कचेरीतच व्हावयाची. १० दिवसांची रजा खर्चून शिबिरास जाणाऱ्या कारकुनाने मेंदूच्या छायाचित्राची आशा धरू नये. परतल्यावर आपले ओरडणे कमी झाले का, हे घरच्यांना विचारावे.