बोजा दिसला पाहिजे

शेतजमिनीवर कर्ज काढलं की सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा चढतो. जमीन घेणारा आधी उतारा मागतो तो त्यासाठीच. पण लेथ मशीन, गोदामातला कच्चा माल, गिऱ्हाइकांकडून यायची बिलं, यांना कुठला सातबारा? मशीन कारखान्यातच राहतं, चालतं, बँकेकडे असतो फक्त हक्क. याला नजरगहाण म्हणतात. बाहेरच्याला ते मशीन मालकाचंच दिसतं. त्याच मशीनवर दुसरीकडून कर्ज काढायचा मोह होणारच की!

म्हणून हा हक्क चारचौघांत सांगावा लागतो. कर्जदार कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७७ नुसार, बोजा निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे त्याची नोंद करायची. फॉर्मचं नाव सीएचजी-१. उशिरासाठी जादा शुल्काची सोय आहे, पण तीही १२० व्या दिवसानंतर संपते. कंपनीने ३० दिवसांत नोंद केली नाही, तर बँक स्वतः अर्ज करू शकते.

नोंद राहिली तर काय होतं? कर्ज बुडत नाही, कंपनीने ते फेडायचंच असतं. पण कंपनी दिवाळखोरीत निघाली की लिक्विडेटर तो बोजा जमेस धरत नाही. तारण घेऊनही बँक बिनतारणी धनकोंच्या रांगेत जाते, आणि त्या रांगेपर्यंत बऱ्याचदा फारसं काही पोहोचत नाही.

या व्यवस्थेत एक फट आहे, ती लक्षात घ्या. पहिल्या बँकेने १ तारखेला तारण घेतलं आणि २५ तारखेला नोंद केली. दोन्ही गोष्टी कायदेशीर. मधे १२ तारखेला दुसऱ्या बँकेने यादी पाहिली, ती कोरी! त्यामुळे माझ्या मते नुसत्या यादीवर विसंबणं हा भाबडेपणा आहे. जुन्या बँकेचे खातेउतारे आणि ताळेबंदही पाहायला हवेत.

आता भागीदारी किंवा एकट्या मालकाचा धंदा घ्या. त्यांची नोंद कंपनी निबंधकाकडे होत नाही. त्यांच्यासाठी 'सेरसाई' ही केंद्रीय नोंदवही आहे. ती २०११ मध्ये सुरू झाली. आधी भर स्थावर गहाणांवर होता, २०१६ पासून यंत्रं, माल आणि येणी यांवरचं नजरगहाणही तिथे नोंदवता येतं. कंपन्यांची तारणंही बँका तिथे नोंदवतात.

या नोंदीची किंमत २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसली. गहाण मालमत्ता विकून आलेले पैसे आधी बँकेचे की विक्रीकर खात्याचे, हा वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सरफेसी कायद्यातल्या, २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तरतुदींच्या आधारे सांगितलं की अग्रक्रम बँकेचा, पण सेरसाईत नोंद असेल तरच.

उद्योजकांसाठी शेवटचं. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. कंपनीने सीएचजी-४ भरून तो उतरवायचा, त्यालाही मुदत ३० दिवसांचीच. बँकेकडून येणे-बाकी नसल्याचा दाखला घेऊन तो फायलीत ठेवून दिलात, तर पुढच्या कर्जाच्या वेळी फिटलेलं कर्ज यादीत उभंच असतं.