नांव एक, यंत्रें दोन

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेच्या ई-मेलचें यंत्र जुनें झाल्यामुळें त्याची हुबेहूब नक्कल नव्या यंत्रावर उतरविण्यांत आली. शिक्षकांच्या देखरेखीखालीं हें काम आम्हां कांहीं विद्यार्थ्यांकडे होतें. पुनर्परीक्षा आठ दिवसांवर आलेली. परंतु तिची तारीख कळविणारीं पालकांचीं पत्रें नव्या यंत्रावरून धाडतांच परत येऊं लागलीं. शाळेच्याच जुन्या यंत्राकडे पाठविलेलें पत्र तर ‘हें फिरून मजकडेच येतें’ अशा तक्रारीसह अडून राहिलें. असें कां व्हावें?

इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास अंकांचा आयपी पत्ता असतो. अंक ध्यानांत राहत नाहींत, म्हणून नांवें ठेवितात. पूर्वीं सर्व नांवें एकाच यादींत लिहीत. ती आवरेनाशी झाली, तेव्हां सन १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं नांवावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही पद्धति योजिली.

दुसऱ्याची वही उतरवितांना वरचें नांवही उतरविणाऱ्या मुलासारखी आमच्या नकलेची गत झाली होती. टपालाचीं यंत्रें भेटतांच प्रथम आपलें नांव सांगतात. जुन्या यंत्रानें नांव सांगितलें, तें नकलेस स्वतःचेंच वाटलें, व तिनें पत्र रोखलें. बाहेरच्या यंत्रांनीं नांव व पत्ता ताडून पाहिले. ते जुळेनात, म्हणून त्यांनीं पत्रें नाकारलीं.

उपाय असा. प्रथम यंत्राच्या आंत पाहावें. ‘होस्टनेम’ व ‘होस्ट्स’ ह्या दोन फायली आणि टपाल चालविणाऱ्या पोस्टफिक्सची ‘मायहोस्टनेम’ ही ओळ, अशा तिन्ही ठिकाणीं नवें नांव घालावें. आम्ही तिसरें ठिकाण विसरलों व एक दिवस व्यर्थ दवडला. मग बाहेर पाहावें. नांवावरून पत्ता सांगणारी ‘ए’ नोंद आणि पत्त्यावरून नांव सांगणारी ‘पीटीआर’ नोंद एकमेकींशीं जुळल्या पाहिजेत. दुसरी नोंद पत्ता पुरविणाऱ्या कंपनीकडून बदलून घ्यावी लागते. येणारें टपाल कोठें न्यावें हें ‘एमएक्स’ नोंद सांगते; ती मात्र तपासणी संपेपर्यंत जुन्या यंत्राकडेच ठेवावी. शेवटीं धीर धरावा. नोंदीची मुदत ३६०० सेकंद असल्यास जुनें उत्तर तासभर मिळत राहूं शकतें.

परीक्षेच्या दोन दिवस आधीं सर्व पत्रें पोंचलीं. यंत्रानें सांगितलें तेवढेंच केलें होतें. सांगण्यांत उणें राहिलें तें आमच्याकडून, हें आम्ही विसरणार नाहीं.