घराचा नकाशा आणि अभ्यासाचा कोपरा

घर घ्यायचे म्हटले की आपण भाव विचारतो, हप्ता विचारतो, बाजार किती लांब हे विचारतो. गृहकर्जाच्या कागदपत्रांत इमारतीचा मंजूर नकाशाही असतो; पण तो उलगडून पाहणारा कर्जदार बँकेच्या नोकरीत आम्हाला क्वचितच भेटला. वास्तविक घरात उजेड किती, वारा किती आणि मुलांना अभ्यासाला जागा किती, हे त्या कागदावर कायमचे ठरलेले असते.

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातच याचा दाखला आहे. विद्यार्थिदशेत त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. स्वयंपाक तिथेच, निजणे तिथेच. म्हणून भीमराव लवकर झोपत आणि रात्री दोनच्या सुमारास सुभेदार रामजीबाबा त्यांना उठवीत. सारे घर निजलेले असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. पुढे परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ५० व ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या मिळाल्या. त्यानंतर दादरला स्वतःचे ‘राजगृह’ बांधताना त्यांनी ग्रंथालयासाठी खास जागा योजली. अभ्यासाची जागा आधी ठरवावी लागते, हे त्यांनी सोसून जाणले होते.

आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांनी मुंबईचे आयुष्य बी.डी.डी. चाळींत काढले. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे अशा २०७ चाळी बांधल्या. तळमजला व वर तीन मजले; प्रत्येक मजल्यावर २० खोल्या; खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या आणि संडास सामाईक.

ही रचना का केली? एका जिन्यावर आणि एका बोळावर वीस बिऱ्हाडांची सोय होते, खर्च वाचतो. पण दोष याच रचनेत आहे. दोन्ही बाजूंना शेजारी, मागे बोळ. म्हणजे खोलीला बाहेरची भिंत एकच. वारा आत यायचा तर त्याला दुसरीकडून बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे बोळाकडचे दार. दार उघडे ठेवावे तर आडोसा जातो, लावावे तर जीव गुदमरतो. याच बोळाने माणसे सुखदुःखात एकत्र आणली, हेही खरे. या चाळींचा पुनर्विकास म्हाडा करीत असून, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळाल्या. क्षेत्र तिपटीहून वाढले, ही मोठीच गोष्ट.

परंतु केवळ क्षेत्रफळाने घर चांगले होत नाही. मुंबईतच १९८३ साली पूर्ण झालेली ‘कांचनजंगा’ ही २८ मजली इमारत पाहावी. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारादेखील तिकडूनच. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांनी सदनिकांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या. ऊन-पाऊस गच्चीवर अडतो, वारा मात्र घरात जातो. इमारत श्रीमंतांची, पण तत्त्व आपल्या ओसरीचे! अजिंठ्याच्या विहारांनाही पुढे ओसरी, आत सामाईक मंडप आणि भोवती भिक्खूंच्या कोठड्या आहेत.

वसमतची मुले नोकरीनिमित्त नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुण्याला जातात व तेथे फ्लॅट घेतात. त्यांनी नकाशात चार गोष्टी जरूर पाहाव्यात. पहिली, उत्तर दिशेचा बाण कुठे आहे. दुसरी, घराला किमान दोन बाजूंनी खिडक्या आहेत काय. अरुंद डक्टमध्ये उघडणारी खिडकी खरी खिडकी नव्हे. तिसरी, पश्चिमेच्या भिंतीला बाल्कनीची वा झाडाची सावली आहे काय. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती भिंत रात्रीपर्यंत धग सोडते. चौथी, भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र, म्हणजे चटई क्षेत्र किती. २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी झालेल्या प्रकल्पात ते लिहून द्यावे लागते. मंजूर नकाशा पाहणे हा ग्राहकाचा हक्कच आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरात नकाशा आला तर तुम्हीही तो वाचा. उत्तरेच्या खिडकीपाशी एक टेबल मावते काय, एवढे आई-वडिलांना दाखवा. तेथला उजेड शांत असतो, डोळ्यांवर येत नाही. दिवाणखाना हातभर लहान झाला तरी चालेल. पण आपल्या घरातल्या मुलाला, मुलीला पुस्तक उघडण्यासाठी सारे घर निजण्याची वाट पाहावी लागू नये.

जयभीम!