फिनिशिंग सँडर : धूळ मशीनपाशीच धरा

देवपुरात कापडाचे दुकान चालवताना काही वर्षांपूर्वी मी नवा काउंटर आणि भिंतीचे सागवानी रॅक करून घेतले. मिस्त्री हुनरी होते. त्यांनी जागेवरच विजेच्या सँडरने घासकाम केले. मशीनला धुळीची पिशवी लावलेली होती, म्हणून मीही निर्धास्त होतो. संध्याकाळी पाहतो तो पांढऱ्या पॉपलिनच्या ताग्यांवर तांबूस भुकटीचा थर! पिशवी उघडली, तर ती जवळजवळ रिकामी. दोष मशीनचा नव्हता. मशीनच्या तळाला धूळ ओढण्यासाठी भोके होती. पण त्यावर चढवलेल्या पेपरला भोकेच पाडलेली नव्हती.

ताग्यांचे नुकसान आम्ही दोघांनी समजुतीने वाटून घेतले. पण हिशेब करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, ती रात्री घरी आली. जी भुकटी कापडावर बसली, तीच मिस्त्रींच्या आणि त्यांच्या हाताखालच्या मुलाच्या छातीत दिवसभर जात होती. म्हणून सुतारकाम करणाऱ्या आणि करून घेणाऱ्या दोघांसाठी ही माहिती देत आहे.

मशीन कसे चालते?

फिनिशिंग सँडरला पाते नसते. त्याचा सपाट तळ दोन-एक मिलिमीटरच्या लहानशा वर्तुळात मिनिटाला साधारण दहा ते चौदा हजार वेळा फिरतो. एका हातात मावणाऱ्या मशीनला ९ बाय ११ इंचाच्या पॉलिश पेपरचा चौथा हिस्सा लागतो, मोठ्याला तिसरा हिस्सा. पाते नाही म्हणून हे मशीन निरुपद्रवी वाटते आणि तिथेच माणूस गाफील होतो. करवतीचा भुसा जाड असतो, तो खाली पडतो. सँडरची भुकटी इतकी बारीक असते की ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर खोल जाते.

जिनिंग आणि सूतगिरणीत कापसाच्या धुळीने दम लागतो, हे खानदेशात कुणाला सांगावे लागत नाही. लाकडाची धूळही त्याच जातीची आहे. तिने खोकला, दमा आणि त्वचेला खाज होते. सागाच्या धुळीने काहींच्या अंगावर पुरळ उठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. हा कर्करोग मुख्यतः नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा असतो.

धूळ कशी धरावी?

१. पेपर चढवल्यावर तळाच्या भोकांशी जुळतील अशी भोके पेपरला पाडा. मशीनबरोबर बहुधा त्यासाठी एक पत्री किंवा प्लास्टिकचा साचा मिळतो. तो फेकू नका. हरवला असल्यास पुठ्ठ्याचा करून घ्या.

२. पिशवी अर्धी भरली की रिकामी करा. भरलेल्या पिशवीत ओढ राहत नाही. व्हॅक्युम क्लीनरची नळी जोडता येत असेल तर फारच उत्तम.

३. शक्य ते घासकाम अंगणात किंवा ओट्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा.

४. तोंडाला रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. कोरोनाच्या काळात सर्वांना माहीत झालेला एन-९५ मास्क वापरा. मात्र तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच उपयोगी. दाढी असलेल्या बंधूंच्या गालावर तो पूर्ण चिकटत नाही, कडेने हवा आत शिरते. त्यांनी मास्क जरूर लावावा, पण त्याच्या भरवशावर न राहता वरच्या तीन गोष्टी अधिक कसोशीने पाळाव्यात.

५. काम संपल्यावर जागा ओल्या फडक्याने पुसा. झाडू किंवा ब्लोअर मारल्यास बसलेली धूळ पुन्हा उडते. कामाचे कपडे घरी लहान मुलांजवळ झटकू नका.

जुन्या वाड्यांच्या दारांवर ऑइल पेंटचे थर असतात. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक आहे. असा रंग सँडरने कोरडा घासू नये. पाणी मारून, सँडर न वापरता, हाताने ओल्या पेपरने घासावा.

वीज आणि आग

काही ठिकाणी पिन तुटली की वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून काडीने ठोसतात. हे सर्वथा बंद करा. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, दोन पिना चालतात. खूण नसेल तर तीन पिना आणि खरी अर्थिंग हवीच. एमसीबीमुळे वायर वाचते, माणूस वाचेलच असे नाही. शॉकपासून बचावासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

चालू स्विच अडकवून ठेवणारे बटण अनेक मशीनना असते. वीज गेली आणि बटण तसेच राहिले, तर वीज आल्यावर मशीन आपोआप धावू लागते. म्हणून दिवे जाताच आधी स्विच बंद करा. पेपर बदलताना तर पिन काढलीच पाहिजे.

मोटारच्या कार्बन ब्रशपाशी बारीक ठिणग्या पडतच असतात. थिनर किंवा पॉलिशचा डबा उघडा असताना जवळ मशीन चालवू नका. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. पॉलिश घासलेली भुकटीही पिशवीत रात्रभर ठेवू नये.

हात आणि निगा

मशीन दाबू नका. त्याचे स्वतःचे वजन पुरेसे आहे. दाबल्याने मोटार तापते, वाइंडिंग जळते आणि लाकडावर गोल ओरखडे राहतात. मशीन पूर्ण गतीला आल्यावर अलगद टेकवा, रेषांच्या दिशेने फिरवा, एका जागी थांबू नका. व्हिनिअरचा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, क्षणात खालची प्लाय दिसते. पेपर ८० नंतर १२०, मग १८०, शेवटी २२०. मधला नंबर गाळला तर पॉलिशखाली ओरखडे उठतात. हाताला मुंग्या येऊ लागल्या की विसावा घ्या.

रोज काम संपल्यावर हवेच्या फटी मऊ ब्रशने साफ करा. तळाचा फोम झिजला, क्लिप सैल झाली, तर पेपर फाटतो. ठिणग्या वाढल्या किंवा मशीन थांबून थांबून चालू लागले, तर कार्बन ब्रश पाहा. बदलायचे तर दोन्ही एकदम. बेअरिंगचा खरखराट ऐकू आल्यावर काम रेटू नका.

शेवटी दुकानदार बंधूंना विनंती. मिस्त्रींना उघडी जागा द्या, माल आधी झाका आणि मास्कचा खर्च कामाच्या रकमेत आनंदाने धरा. उस्तादांनीही शागिर्दाला मशीन देण्याआधी पेपरला भोके पाडायला शिकवावे. माझे तागे स्वस्तात का होईना, विकले गेले. छातीत गेलेली धूळ मात्र कुणाला झटकता येत नाही.