गाळातला रहिवासी

चैत्र सरतो, तळ्याचे पाणी आटते, काठच्या चिखलाला भेगा पडतात आणि तळे मेले असे समजून गाव त्याच्याकडे पाठ फिरवते. वस्तुतः त्या भेगांखाली, गाळाच्या ओलाव्यात, एक जीव पहिल्या पावसाची वाट पाहत निपचित पडलेला असतो. तळी, पाझर तलाव, भातखाचरे आणि विहिरी यांत राहणारे मऊ पाठीचे कासव ते हेच. देवळात नंदीपुढच्या दगडी कासवाला नमस्कार करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्याचा हा जिवंत भाऊबंद निरखून पाहिला असेल.

आकाराने हा प्राणी जेमतेम वीत-सव्वा वीत. पाठीवर कठीण तकटे नाहीत. हाडांच्या ढालीवर गुळगुळीत कातडी तेवढी. पोटाच्या कवचाला मागील अंगास दोन झडपा असतात. संकट दिसताच मागचे पाय आत ओढून तो त्या मिटून घेतो. मासे, बेडूक, गोगलगायी, पाणवनस्पती, इतकेच काय, मेलेले जनावरही त्याला वर्ज्य नाही. पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्याला विहिरीत सोडण्याची रीत याच गुणामुळे पडली. बांधीव विहिरीत त्याला अंडी घालण्यास जमीन कोठून मिळणार, हा विचार मात्र सोडणाऱ्याच्या मनाला शिवत नाही!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. तथापि मांसासाठी त्याची चोरटी वाहतूक थांबलेली नाही. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात एकाच छाप्यात सहा हजारांहून अधिक कासवे हाती लागली.

चोराचा बंदोबस्त पोलीस करतील. पण सत्कार्यातून होणाऱ्या हानीचे काय? महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबविली गेली. जलाशयाची साठवणशक्ती वाढावी आणि शेताला सुपीक माती मिळावी, या हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु गाळ उपसला जातो तो उन्हाळ्यात, म्हणजे नेमका हा प्राणी त्यात दडलेला असतानाच. कुदळ-घमेल्याच्या काळी खणणाऱ्याच्या नजरेस कासव पडले, तर ते बाजूला ठेवता येत असे. यंत्राच्या पंजाला ही नजर नाही. उपशाच्या वेळी एखादा जाणता माणूस उभा करणे आणि काठचा ओलसर पट्टा न उकरता ठेवणे यास फारसा खर्च येत नाही. निदान ट्रॉलीतून शेतात आलेल्या ढेकळात कासव निघाले, तर ते जवळच्या पाणथळीत नेऊन सोडावे, एवढी सूचना तरी गाळ नेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला पावतीसोबत मिळावयास हवी.