वाट पडते, रस्ता बांधतात

‘रोजचे शब्द’ : भाग ६

बेळगावच्या कॅम्पात ‘वाट’ नावाला सापडत नाही. तिथं हाय स्ट्रीट आहे, क्लब रोड आहे, खानापूर रोड आहे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढं १८३०च्या दशकात छावणी वसली आणि पलटणीला सोयीचे सरळ, रुंद रस्ते आखले गेले. आखणाऱ्यांनी दिलेली इंग्रजी नावं मराठी, कन्नड, कोंकणी आणि उर्दू बोलणाऱ्या कॅम्पवासीयांच्या तोंडी आजही तशीच आहेत.

कॅम्प सोडून शहरात शिरलं की ‘रोड’ मागं पडतो आणि ‘गल्ली’ सुरू होते. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली. पुण्याकडच्या माणसाला गल्ली म्हटलं की अरुंद बोळ आठवतो. बेळगावात गल्ली म्हणजे वस्ती. गल्लीला पंच असतात, गल्लीचा गणपती असतो, लग्नपत्रिकेवर गल्लीचं नाव असतं. ज्यावरून चालायचं, त्याचं नाव इथं जिथं राहायचं त्याला मिळालं आहे. आणि गावं ओलांडून शिवारात उतरलं की पाणंद लागते. तिच्यातून फुटून एखाद्या मळ्याकडं जाते ती वाट.

छावणीपासून शिवारापर्यंतच्या या टप्प्यात मराठीनं जाण्यायेण्याच्या जागांची कामं नीट वाटून दिली आहेत. ‘रस्ता’ फारसीतून आला. मूळ ‘रास्ता’मध्ये सरळपणाचा आणि ओळीचा अर्थ आहे. रस्ता कुणीतरी आखतं, खडी टाकतं, डांबर ओततं. ‘मार्ग’ संस्कृतातला, तो भक्तीला आणि ज्ञानाला लागतो, सरकारी फलकावर ‘महामार्ग’ होतो आणि अडलेलं काम ‘मार्गी’ लावतो. वाट मात्र कुणी बांधत नाही. पायांनी ती पडते, वापरली तर मळते, सोडली तर मोडते.

म्हणूनच सार्वजनिक रोषाचा शब्द रस्त्याला चिकटला. ‘रास्ता रोको’चा सगळ्यात ठळक अध्याय याच भागात, निपाणीजवळ घडला. १४ मार्च १९८१ रोजी तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर बैलगाड्यांसह येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ तो मुक्काम हलला नाही. महामार्गावरच वस्ती उभी राहिली आणि तिला ‘आंदोलननगर’ हे नाव पडलं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या काळचा राष्ट्रीय महामार्ग ४ आता ४८ झाला आहे आणि तवंदी घाटातून वाहनं सुसाट धावतात. निपाणीच्या जुन्या माणसांना मात्र रस्ता म्हटलं की ते दिवस आठवतात.

रस्ता रोखतात तो सरकारला ऐकू जावं म्हणून. वाट अडवली जाते ती शेजाऱ्याकडून, भाऊबंदाकडून. दोन्ही वाक्प्रयोगांत थांबवणं एकच असलं तरी भांडण वेगळं आहे.

‘वाट’ संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृत ‘वट्ट’मार्गे आली. ‘वाटा’ आणि ‘वाटणी’ यांच्याशी तिचं नातं नाही. ते हिश्श्याचे शब्द वेगळ्या कुळातले. वाटेचं स्वतःचं कुळही काही लहान नाही. वाटसरू, वाटाड्या, वाटखर्च, वाटमारी, आडवाट, चोरवाट, पायवाट हे प्रवासातले शब्द झाले. कायद्यातून निसटायची फट ती पळवाट. रडू आवरेनासं झालं की अश्रूंना वाट मोकळी करून द्यायची, कुणाशी उगाच वैर नको म्हणून त्याच्या वाटेला जायचं नाही, आणि ज्याला कुणाचाच अडसर नाही त्याला बारा वाटा मोकळ्या.

यांतला सगळ्यात मोठा अर्थ प्रतीक्षेचा. बेळगाव-निपाणीकडं वाट ‘पाहण्या’पेक्षा ‘बघतात’ जास्त. येणारा माणूस जिथून दिसेल तिथं डोळे लागलेले असतात, आणि ते बघणं हेच थांबण्याचं नाव झालं. ही कल्पना एकट्या मराठीची नाही. कॅम्पातला कोंकणी माणूस ‘वाट पळयता’, उर्दू बोलणारा ‘राह देखता’, कन्नड बोलणारा ‘दारी’ राखतो. ‘दारी कायु’ म्हणजे वाट राखणं, अर्थात वाट बघणं. भाषांची कुळं वेगळी असली तरी शेजाराशेजारानं राहणाऱ्या या माणसांनी प्रतीक्षेसाठी एकच चित्र निवडलं आहे.

‘वाट लागली’मधला नाश मात्र उलगडून बघावा लागतो. त्याची किल्ली ‘विल्हेवाट’ या शब्दात आहे. कचऱ्याची, मालाची, मिळकतीची विल्हेवाट लावतात तेव्हा राग नसतो. एखादी गोष्ट मार्गाला लावून मोकळं व्हायचं असतं. निकालात काढण्याचा हाच अर्थ पुढं एका बाजूला कलला आणि ‘वाट लावणं’ म्हणजे वाटोळं करणं झालं.

पण ‘वाट’ या शब्दावर ज्याचं पोट अवलंबून आहे, तो शेतकरी. पाणंद म्हणजे दोन बाजूंच्या बांधांमधली बैलगाडीपुरती पट्टी. पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल, चाकोऱ्यांत पाणी. दरवर्षी नांगरट करताना कडेचा कुणी वीतभर बांध कोरतो, पुढच्या वर्षी आणखी वीतभर. काही वर्षांनी गाडीची पाणंद माणसापुरती उरते. ऊस तोडणीला आला की ट्रॅक्टरची ट्रॉली आत जात नाही, मोळ्या डोक्यावरून बाहेर काढाव्या लागतात आणि मग प्रकरण कचेरीत जातं.

तिथं कामाला येतो तो शब्द ‘वहिवाट’. नकाशात रेघ नसली तरी माणसं, गुरं, गाड्या वर्षानुवर्षं जिथून गेली तो हक्क. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानं त्याला मुदत ठरवून दिली. २० वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्कानं आणि खंड न पडता वापर झाला असेल, तर खाजगी जमिनीतूनही वाटेचा हक्क मिळतो. सीमेपलीकडं महाराष्ट्रात, कागल-चंदगडकडं दुसरे दोन आधार आहेत. १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली वहिवाटीची वाट अडवल्यास सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला देतं. म्हणून वाट अडली की आधी तारीख लिहून ठेवावी आणि जुन्या माणसांचे जबाब घ्यावेत. आपसातल्या बोलण्यात सहा महिने कधी सरतात ते कळत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि कचेरीची भाषा बदलली. पण वहिवाट कन्नडातही आहेच. कन्नड वृत्तपत्रांच्या व्यापार पानावर रोज ‘वहिवाटु’ छापून येतं, तिथं त्याचा अर्थ व्यवहार, उलाढाल. उलट जुन्या कन्नडात रस्त्याला ‘बट्टे’ म्हणत; आज बट्टे म्हणजे कापड.

कॅम्पालगत गणेशपूरच्या बाजूला रामघाट रोड आहे. आंबोलीचा घाटरस्ता होण्याआधी बेळगावहून तळकोकणात उतरायला रामघाट महत्त्वाचा होता. आता वेंगुर्ल्याला जाणाऱ्या गाड्या आंबोलीनं जातात. घाटाची वाट मागं पडली, तिच्याकडं नेणाऱ्या रस्त्यानं तिचं नाव मात्र सोडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ‘वेस’ : बोगारवेशीत आता ना दरवाजा आहे ना तटबंदी, तरी बेळगावकर तिथं ‘वेशीत’च का भेटतात, याविषयी.